अंकुर आणि तालीम : अल्पखर्ची लघुपटाच्या पूर्वतयारीविषयी

मराठी रंगभूमीने नाटकाच्या सरावाला ‘तालीम’ म्हटले आणि मल्लविद्येच्या आखाड्यालाही तोच शब्द लावला. मूळ अरबी शब्दाचा अर्थ शिक्षण असा आहे. या तिन्ही अर्थांना जोडणारी कल्पना एकच : ऐन वेळी करावयाची कृती अचूक व्हावी म्हणून ती आधी अनेकवार करून पाहणे. नाटकाचा प्रयोग तालमीनंतरही पुनःपुन्हा होतो, आणि पहिल्या प्रयोगातील उणीव दहाव्यात भरून काढता येते. चित्रपटास ही सवलत नाही. चित्रीकरण संपल्यावर हाती आलेल्या दृश्यांवरच भागवावे लागते. तेव्हा चित्रपटास तालमीची गरज अधिक असावयास हवी. परंतु लघुपटांविषयीच्या चर्चेत तिचा उल्लेख क्वचितच आढळतो. भांडवल थोडे, म्हणून तयारीही थोडी चालेल, असा एक समज त्यामागे आहे. मराठी चित्रपटाच्या पहिल्याच उदाहरणावर हा समज तपासून पाहणे उद्बोधक ठरेल.

१९१२ साली दादासाहेब फाळके लंडनहून परतले, तेव्हा त्यांच्यापाशी विल्यमसन बनावटीचा कॅमेरा, कोरी फीत आणि फितीला छिद्रे पाडण्याचे यंत्र होते. चित्रपटासाठी कर्ज देणाऱ्यांची खात्री पटवावयाची होती. त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा रोवला आणि अंकुर फुटून वेल वाढेपर्यंतचा क्रम टिपला. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ओळखला जाणारा हा लघुपट आज पाहावयास मिळत नाही. त्याची हकीकत मात्र सर्वतोमुखी आहे. दररोज एक चित्र याप्रमाणे महिनाभर चित्रण झाले आणि मिनिटाभराचा चित्रपट सिद्ध झाला, असे सांगितले जाते.

या हकीकतीची साधी आकडेमोड केली तर ती जुळत नाही. मूकपटाच्या काळी सेकंदाला सुमारे १६ चित्रे दाखविली जात. दररोज एक या हिशेबाने महिन्यात ३० चित्रे होतात आणि ती दोन सेकंदांच्या आतच संपतात. मिनिटाभराच्या चित्रपटास ९६० चित्रे हवीत. ती ३० दिवसांत टिपावयाची तर दिवसाला ३२ चित्रे, म्हणजे बारा तासांच्या उजेडात दर बावीस-तेवीस मिनिटांनी एक, असे प्रमाण पडते. तेव्हा एक तर लांबी वाढवून सांगितली गेली असावी, किंवा छपाईत एकच चित्र अनेकदा घेतले गेले असावे, किंवा ‘दररोज एक चित्र’ हा नुसता बोलण्याचा प्रघात असावा. यांपैकी खरे काय याचा निर्णय मूळ फीत नसल्याने करता येत नाही. परंतु कोणताही पर्याय स्वीकारला तरी एक गोष्ट निश्चित होते. कॅमेरा तसूभरही हलू नये, कुंडी जागची ढळू नये, पाणी दोन चित्रांच्या मधल्या वेळात घातले जावे, हे सर्व पहिल्या चित्रापूर्वीच ठरलेले असले पाहिजे. विसाव्या दिवशी चूक झाली, तर नवे बी पेरून पहिल्या दिवसापासून आरंभ करणे एवढाच उपाय होता.

आख्यायिका नेमका हाच भाग गाळते. तीत चमत्कार उरतो, आखणी उरत नाही. ‘राजा हरिश्चंद्र’च्या कथेचेही असेच झाले आहे. तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळाली नाही व उपाहारगृहात काम करणारे साळुंके यांच्याकडे ती भूमिका आली, हे सर्वांस ठाऊक असते. ३,७०० फूट लांबीच्या या चित्रपटास सहा महिने सत्तावीस दिवस लागले, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. अननुभवी माणसांकडून काम करवून घेण्यात, साडीत वावरण्याची सवय पुरुषांच्या अंगी मुरविण्यात यांतील किती काळ गेला असेल, याची कल्पना करता येते. परेश मोकाशी यांच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) या चित्रपटात साडी नेसलेल्या पुरुषांचा वावर विनोदाचा विषय झाला आहे. तो विनोद निर्मळ आहे. तथापि त्यामुळे सरावाचे रूपांतर गमतीत होते आणि त्यामागील शिस्त झाकली जाते. खुद्द फाळक्यांना या शिस्तीचे महत्त्व वाटत होते, याचा पुरावा त्यांच्याच कामात आहे. ‘चित्रपट कसे तयार करतात’ (१९१७) या त्यांच्या लघुपटाच्या उपलब्ध अंशात ते नटांना सूचना देताना दिसतात. चित्रपटाची पूर्वतयारी हाच चित्रपटाचा विषय होऊ शकतो, हे त्यांनी इतक्या आरंभी ओळखले होते.

फाळक्यांच्या या दोन कामांतून पूर्वतयारीचे दोन प्रकार स्पष्ट होतात. माणसाची तालीम घेता येते. वाटाण्याची घेता येत नाही. जे दुसऱ्यांदा करता येते त्याचा सराव करावा, आणि जे दुसऱ्यांदा घडणार नाही त्याची आखणी करावी, असा हा भेद आहे. लघुपट फसतात ते पुष्कळदा हा भेद न ओळखल्याने.

आज फितीचा खर्च राहिलेला नाही. भ्रमणध्वनीवर एकच दृश्य वीस वेळा टिपले तरी पैसा लागत नाही. यावरून तालमीची गरज संपली असा निष्कर्ष काढला जातो. तो चुकीचा आहे. टंचाई नाहीशी झालेली नाही, तिने जागा बदलली आहे. हिंगोली जिल्ह्यातील एखाद्या विद्यार्थ्याने वसमत परिसरातील हळदीवर लघुपट करावयाचे योजिले, तर त्याची अडचण फितीची असणार नाही. पावसाळ्याच्या तोंडाशी लावलेली हळद आठ-नऊ महिन्यांनी निघते. मग ती शिजवणे, उन्हात वाळवणे ही कामे थोड्या आठवड्यांत उरकली जातात. ज्या बाईने लघुपटात काम करावयाचे, तिची मजुरी त्याच दिवसांत असते. तिला वीस वेळा तेच करावयास लावणे म्हणजे तिचा रोज बुडविणे होय. वाफाळलेल्या हळदीचा ढीग एकदा पसरला की पुन्हा गोळा करून वाफ आणता येत नाही. हळद येथे वाटाण्याच्या जागी आहे आणि बाई साळुंक्यांच्या. कॅमेरा कोठे, ऊन कोणत्या बाजूने, कोणाचा पाय चौकटीत येईल, हे रिकाम्या खळ्यावर आदल्या आठवड्यात पाहून ठेवावे लागेल; बाईची तालीम तिच्या सवडीने, तिच्या अंगणात व्हावी लागेल.

नागराज मंजुळे यांचा ‘पावसाचा निबंध’ (२०१७) या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. त्यात मुलाला निबंध लिहावयाचा आहे आणि पाऊस थांबत नाही. प्रेक्षकाला तो अखंड वाटतो. पण चित्रीकरण तुकड्यातुकड्यांनीच होते. कपडा किती भिजला, चिखल कोठवर आला, याची संगती प्रत्येक तुकड्यात राखावी लागते. पावसाचा जो परिणाम मनावर होतो त्याचा आधार ही संगती आहे, आणि ती ऐन चित्रीकरणाच्या दिवशी सुचणारी गोष्ट नव्हे.

यावर एक आक्षेप विचारार्ह आहे. कधीही अभिनय न केलेल्या माणसाची फार तालीम घेतली तर त्याचा सहजपणा जातो, असे म्हणतात, आणि ते अनुभवास धरून आहे. मात्र हा दोष तालमीचा नसून तिच्या विषयाचा आहे. संवाद घोकून घेतले की माणूस पाठ म्हणू लागतो. त्याऐवजी कामाचा सराव घेतला, म्हणजे घागर कोठून उचलावी, कोठे थांबावे, कोणाकडे वळावे, एवढेच अंगवळणी पाडले, तर बोलणे त्याचे त्याला सापडते. आखाड्यातही कुस्तीचा निकाल घोकून घेतला जात नाही. पाय रोवणे तेवढे शिकविले जाते.

लघुपटाच्या समीक्षेने म्हणूनच ‘साधनांची उणीव’ या सबबीकडे अधिक काटेकोरपणे पाहावयास हवे. अंधुक प्रकाश वा अस्पष्ट ध्वनी हा दारिद्र्याचा परिणाम असू शकतो. परंतु खळ्यावर गोंधळून उभी राहिलेली बाई आणि मध्येच तुटलेली वाफ यांचे उत्तर दारिद्र्यात सापडत नाही. आदल्या आठवड्यात रिकाम्या खळ्यावर कोणी फिरकले होते काय, हा प्रश्न तेथे विचारला पाहिजे.