सोयीचा खलनायक

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आपल्या कथाकादंबऱ्यांत एका नव्या पात्राचा प्रवेश झाला आहे. ते घरे मोडते, शेते गिळते, गिरण्यांचे भोंगे बंद पाडते, मुलांच्या तोंडची भाषा पळवून नेते. पण ते राहते कोठे, बोलते कोणाशी, त्याचा व्यवहार चालतो कसा, यातले काहीच लेखक सांगत नाही. या पात्राला नाव आहे, चेहरा नाही. नाव अर्थातच जागतिकीकरण.

आपल्या जुन्या नाटककादंबऱ्यांतला सावकार आठवून पाहावा. तोही खलनायकच होता आणि पुष्कळदा साचेबंदही होता. पण त्याच्यापाशी एक वही होती. त्या वहीत आकडे होते, आकड्यांखाली ऋणकोचा अंगठा होता. वाचकाला त्याचा राग येई तो त्या वहीमुळे. नव्या खलनायकाजवळ वहीच नाही. त्यामुळे त्याच्यावर रागावताही येत नाही. नुसते हताश व्हावे लागते.

मी पेशाने मास्तर आहे. ‘जागतिकीकरण : शाप की वरदान?’ हा निबंध दरवर्षी शेकड्याने तपासतो. मुले दहा ओळी शापाच्या लिहितात, दहा ओळी वरदानाच्या लिहितात, आणि शेवटी नाण्याला दोन बाजू असतात असे सांगून मोकळी होतात. पोरांना परीक्षा द्यावयाची असते. त्यांच्याकडून याहून अधिकाची अपेक्षा करणे अन्याय होईल. परंतु तोच निबंध वरदानाच्या दहा ओळी गाळून तीनशे पानांचा करावयाचा आणि त्याला कादंबरी म्हणावयाचे, हे मात्र वाङ्मयाच्या हिताचे नाही. मी स्वतः कादंबऱ्या लिहितो, म्हणून ही तक्रार मी परक्यासारखी करीत नाही. घरातल्या माणसासारखी करतो.

माझे म्हणणे थोडक्यात असे : जगाच्या बाजाराचा हात आपल्या चुलीपर्यंत पोचतो हे खरेच आहे. पण तो हवेतून पोचत नाही. कोणाच्या तरी सहीने, कोणाच्या तरी तराजूवरून, कोणाच्या तरी वहीतून पोचतो. ती सही, तो तराजू आणि ती वही दाखविणे हे कादंबरीकाराचे काम. ते टाळून जो ‘जागतिकीकरण’ हा शब्द उच्चारतो, त्याने काहीच दाखविलेले नसते.

कापसाचेच उदाहरण घेऊ, कारण शहर आणि खेडे यांना बांधणारे एवढे चांगले सूत दुसरे नाही. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि तेथला कापूस अडला. लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस हवा होता. तो मुंबई बंदरातून जाऊ लागला. भाव कित्येक पट चढले. मुंबईत पैशाचा पूर आला. समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्यांचे भाग लोकांनी घरदार विकून घेतले. प्रेमचंद रायचंद हे नाव घरोघर झाले. १८६५ साली तेथले युद्ध संपले आणि येथला डोलारा कोसळला. मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. व्हर्जिनियात शस्त्रे खाली ठेवली गेली आणि मुंबईत दिवाळी निघाली!

हा धक्का शहरापुरता राहिला नाही. तेजीच्या काळात कुणब्याला कर्ज सहज मिळत होते. मंदी येताच सावकाराने हात आखडला. त्यातच शेतसारा वाढला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची दुकाने फोडली आणि कर्जरोखे जाळले. हे लोण पुणे व नगर जिल्ह्यांत पसरले. इतिहासकार या दंग्याची अनेक कारणे देतात; कापसाच्या तेजीमंदीचे कारण त्यांतलेच एक. सुप्याच्या कुणब्याने रोखे जाळले ते बरोबर केले की चूक, हा वेगळा प्रश्न. कादंबरीकाराच्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की रोखा जळत होता सुप्यात आणि त्याला लागलेल्या आगीची एक ठिणगी लिव्हरपूलच्या बाजारातली होती. या दोन्ही गोष्टी एका पानावर आणता आल्या तर ती कादंबरी.

हे अशक्य आहे असे कोणी म्हणेल, तर महात्मा फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ पुढे करावा लागेल. १८८३ साली पुरे झालेले ते पुस्तक कादंबरी नव्हे, हे मान्य. पण विलायतेहून आलेला यंत्राचा माल येथल्या कारागिराच्या पोटावर कसा येतो हे जोतीराव सांगतात, ऐषारामी गोऱ्या अधिकाऱ्याला सोडत नाहीत, आणि त्याच दमात कचेरीतल्या कारकुनालाही सोडत नाहीत. दूरचा हात आणि जवळचा हात, दोन्ही त्यांना एकाच वेळी दिसतात. आजच्या आमच्या लेखकाला दूरचा हात तेवढा दिसतो, तोही धुक्यात. जवळचा हात बहुधा ओळखीच्या माणसाचा असतो, म्हणून तो दिसूनही लिहिला जात नसावा.

आता गिरणगावाकडे वळतो. जागतिकीकरण आले आणि मुंबईच्या गिरण्या गेल्या, हे वाक्य आपल्या लेखनात इतक्या वेळा आले आहे, की ते तपासून पाहावे असे कोणाला वाटत नाही. नवे आर्थिक धोरण आले १९९१ साली. गिरणी कामगारांचा संप सुरू झाला १८ जानेवारी १९८२ रोजी. अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले आणि त्यांतले असंख्य पुन्हा साच्यावर उभे राहिलेच नाहीत. म्हणजे ज्याच्यावर खुनाचा आरोप ठेवावयाचा, तो घटनास्थळी नऊ वर्षे उशिरा पोचला! जुनी यंत्रे न बदलणारे मालक, भिवंडी-इचलकरंजीच्या यंत्रमागांवर सरकलेले काम, न मिटविलेला संप, आणि कापडापेक्षा जमिनीला आलेला भाव, ही मंडळी त्याच्या आधीपासून तेथे होती.

पुढच्या काळात जगाच्या पैशाने त्या जमिनीची किंमत वाढविली, हे खरे. पण तोही व्यवहार कागदावर झाला. १९९१ च्या विकास नियमावलीत ५८ वा नियम होता. गिरणीची जागा विकसित करताना तिचे तीन वाटे पाडावयाचे : एक शहराच्या मोकळ्या जागेसाठी, एक सार्वजनिक घरांसाठी, एक मालकासाठी. २००१ साली त्या नियमात बदल झाला आणि वाटणी गिरणीच्या आवारातल्या केवळ मोकळ्या जमिनीपुरती उरली. शहराच्या वाट्याला येणारी जागा त्यामुळे कितीतरी आक्रसली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल उचलून धरला. एका नियमातले थोडे शब्द बदलतात आणि एका शहराचे मैदान नाहीसे होते! यात नाट्य नाही असे कोणता लेखक म्हणेल? पण गिरणगावावरच्या लेखनात भोंग्याचा विलाप जेवढा ऐकू येतो, तेवढा या शब्दांचा आवाज ऐकू येत नाही.

गिरणीला आपण जणू मायभूमीची लेक समजतो आणि मॉलला परकी सवत. मौज अशी, की गिरणी ही देखील जगाच्या बाजाराचेच अपत्य होते. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली, तेव्हा यंत्रेही इंग्लंडची आणि ती बसविणारे कसबी लोकही तिकडचे. त्या परक्या यंत्राभोवती कोकणातल्या आणि घाटावरच्या माणसांनी भजनी मंडळे, खानावळी, व्यायामशाळा आणि युनियन उभ्या केल्या. परकी वस्तू आपली झाली ती माणसांनी आपली केली म्हणून. मामा वरेरकरांनी ‘धावता धोटा’ लिहिली तेव्हा गिरणी हा आपल्या कादंबरीचा घरचा विषय झाला होता.

याच मापाने मला जयंत पवार यांचे ‘अधांतर’ हे नाटक श्रेष्ठ वाटते. संपानंतरचे एक कामगाराचे घर. एक आई, एका मुलाला लेखक व्हावयाचे आहे, एकाला क्रिकेटचे वेड, एक गुंडांच्या टोळीकडे ओढला जातो. हे नाटक प्रेक्षकाला जगाच्या अर्थव्यवस्थेवर व्याख्यान देत नाही. घरातला पैसा आटला की आईचा आवाज कसा बदलतो, भाऊ भावाकडे कसा पाहतो, एवढेच ते दाखविते. आणि त्या एवढ्यातून बाहेरचे सारे शहर आत येते.

सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’ (२००२) मला याच कारणासाठी मोलाची वाटते. तिला २००४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, हे सर्वांना ठाऊक आहे. तिच्यातला एकनाथ शिकला-सवरला आहे. पण शाळेत नोकरी हवी तर संस्थेला पैसे मोजावे लागतात, आणि शेतीत राबावे तर पिकाला भाव नाही. भावाचे सूत्र कदाचित फार दूर असेल. पण नोकरीसाठी पैसे मागणारा माणूस गावाजवळचाच आहे, आपल्याच भाषेत बोलतो आहे. देशमुख त्याला ‘जागतिकीकरण’ या शब्दाआड लपू देत नाहीत. दुर्दैव असे, की ‘बारोमास’च्या यशानंतर आलेल्या कितीतरी कादंबऱ्यांनी तिचे दुःख उचलले आणि तिचा हिशेब तेथेच टाकून दिला.

दूरचा हात नसतोच, असे मी म्हणत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचा आयातकर ५० टक्क्यांवर नेला. त्याच महिन्यात दिल्लीने परदेशी कापसावरचा ११ टक्के आयातकर तात्पुरता उठविला आणि पुढे ती सूट ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढविली. कापड बाहेर पाठविणाऱ्यांना कापूस स्वस्त हवा होता. शेतकरी संघटनांनी विरोध केला, कारण आमच्याकडे कापसाच्या वेचणीचा हंगाम नेमका याच महिन्यांत असतो. वॉशिंग्टनमधली एक सही, दिल्लीतली एक सही, जिनिंगच्या दारातली गाड्यांची रांग, काट्यावर उभा असलेला शेतकरी, ओलावा जास्त म्हणून भाव कमी सांगणारा व्यापारी : ही साखळी जशीच्या तशी मांडली, तर तिच्यात प्रत्येकजण माणूस आहे आणि प्रत्येकाला स्वतःचे कारण आहे. व्यापाऱ्यालाही आहे. खलनायक एकही नाही आणि नुकसान मात्र खरे आहे. असे लिहिणे कठीण आहे, हे मला कबूल आहे.

संस्कृतीच्या प्रश्नावरही असाच सोयीचा रस्ता निवडला जातो. पिझ्झा खाणारा मुलगा बिघडलेला आणि भाकरी-ठेचा खाणारा बाप अस्सल, हे चित्र आता छापील झाले आहे. पण ज्या मिरचीचा ठेचा होतो ती मिरची अमेरिका खंडातून पोर्तुगिजांच्या गलबतांबरोबर आली. बटाटा त्याच वाटेने आला. ‘पगार’, ‘चावी’, ‘पाव’ हे शब्दही पोर्तुगिजांकडूनच आले, आणि आज पगार झाला नाही तर आपल्याला अस्सल मराठीतूनच राग येतो. बाहेरून वस्तू आली एवढ्याने संस्कृती मरत नाही. ती केव्हा मरते? जेव्हा आलेल्या वस्तूला आपलेसे करण्याइतकी फुरसत, ताकद आणि आत्मविश्वास माणसांजवळ उरत नाही, तेव्हा. लेखकाने शोधावे ते हे, की गिरणगावाजवळ जे बळ होते ते आजच्या तालुक्याच्या गावाजवळ का नाही. पिझ्झाला नावे ठेवून ते सापडणार नाही.

यावर कोणी आक्षेप घेईल, की साहित्य म्हणजे अर्थशास्त्र नव्हे, आणि कलावंताने आयातकराचे टक्के कशाला मोजावेत? आक्षेप रास्त आहे. टक्के पानावर यावेत असा माझा आग्रह नाहीच. शेतावर लिहिणाऱ्याला मातीचा वास माहीत असावा लागतो, मग त्याने तो वर्णन केला नाही तरी चालते. तद्वत आजच्या खेड्यावर लिहिणाऱ्याला व्यापाऱ्याची हिशेबपट्टी वाचता आली पाहिजे. न वाचता लिहिले की भावना पातळ होते. आपल्याकडे कलेला व्यवहाराचा विटाळ होतो अशी एक समजूत आहे. ज्या कुणब्याविषयी आपण लिहितो, त्याला ही चैन परवडत नाही, हे लक्षात ठेवलेले बरे.

आणि हा वाद नुसत्या कलेचाही नाही. कापूस पिकविणाऱ्या मुलखात कर्जापायी कर्ता माणूस गमावलेली घरे आहेत. त्या घरांतली मुले शाळांतून बसतात आणि आपली पुस्तके वाचतात. ‘तुझा बाप जागतिकीकरणाने नेला’ असे आपण त्याला सांगितले, तर आपण त्याला काय दिले? वादळाने नेला म्हणण्यासारखेच ते. वादळाला जाब विचारता येत नाही. याउलट कर्ज कोणाचे होते, व्याज किती होते, बी कोणी विकले, भाव कोणी ठरविला आणि कोणत्या दिवशी कोणाच्या दारातून तो रिकाम्या हाताने परत आला, एवढे जर गोष्टीने त्याला दाखविले, तर तो मुलगा रडेल. पण पुढे केव्हातरी उठून एखाद्या टेबलापुढे उभा राहील आणि प्रश्न विचारील. वाङ्मयाने माणसाला प्रश्न विचारण्याजोगे करावे, याहून मोठी अपेक्षा माझ्यासारख्या मास्तराने करू नये. आणि याहून लहान अपेक्षेवर समाधानही मानू नये.