मोनालिसा, पद्मपाणी आणि व्हार्निशचा थर



मोनालिसाचं चित्र कधीच पाहिलं नाही असा माणूस या सभागृहात नसणार. कॅलेंडरवर, चहाच्या कपावर, मोबाईलवर, कुठे ना कुठे पाहिलेलं असतंच. आता दुसरा प्रश्न. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी किती जणांनी नीट पाहिलाय? 'नीट' या शब्दावर माझा भर आहे. जळगावहून अजिंठा साठेक किलोमीटर. शाळेची सहल तिथेच, पाहुणे आले की तिथेच. पण पाहिलं काय, विचारलं की आपण गप्प होतो.

मोनालिसाविषयी काही गोष्टी ऐकून आश्चर्य वाटतं. चित्र आहे केवढं? ७७ बाय ५३ सेंटिमीटर. कॅनव्हासवर नाही, पॉपलरच्या लाकडी फळीवर. १९११च्या ऑगस्टमध्ये ते लूव्र संग्रहालयातून चोरीला गेलं आणि रिकामी भिंत बघायला लोकांनी गर्दी केली. चोर विन्चेन्झो पेरुज्जा, तिथेच पूर्वी काम केलेला इटालियन कारागीर. दोन वर्षांनी चित्र फ्लॉरेन्समध्ये सापडलं. जाणकारांत त्याचं नाव आधीपासून होतंच; घराघरात ते पोचवलं वर्तमानपत्रांतल्या या बातम्यांनी.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. आपण बघतो ती पिवळट-हिरवट मोनालिसा लिओनार्दोने तशी रंगवलेली नव्हती. वरचं व्हार्निश शतकानुशतकं पिवळं पडत गेलंय. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात तिची एक जुनी प्रत आहे. ती साफ करून २०१२ मध्ये लोकांसमोर आणली, तेव्हा लाल बाह्या, निळसर डोंगर असं सगळं उजळून निघालं. मूळ चित्राला मात्र तसा हात लावायला कोणी धजत नाही.

आता आपल्याकडे या. अजिंठ्याची चित्रं जगाला कळली तीही प्रतींमुळेच. रॉबर्ट गिल हा मद्रास लष्करातला अधिकारी १८४४ पासून वर्षानुवर्षं इथे बसून प्रती करत राहिला. त्या लंडनला क्रिस्टल पॅलेसमध्ये लावल्या होत्या. १८६६च्या आगीत जवळजवळ सगळ्या जळाल्या. पुढे मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा प्रती केल्या. त्यांतल्याही बऱ्याच १८८५ मध्ये लंडनच्याच आगीत गेल्या. गिल १८७९ मध्ये वारला. त्याची कबर कुठे आहे? आपल्या भुसावळात. पारो आणि गिलची गोष्ट ना. धों. महानोरांच्या कवितेमुळे आपल्या तोंडी आहे. मात्र गिलने जे बघण्यात उभी हयात घालवली, ते बघायला आपण पाच मिनिटं देतो.

आणि व्हार्निश? ते इथेही आहे. १९२० ते २२ च्या सुमारास निजाम सरकारने चित्रं वाचवायला इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी हे दोन जाणकार बोलावले. सुटत चाललेला गिलावा त्यांनी पक्का केला, हे मोठंच काम. पण चित्रांवर चढवलेलं शेलॅक पुढे पिवळं पडून काळवंडलं. नंतर पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना ते हळूहळू काढत बसावं लागलं. म्हणजे हेतू चांगला असला तरी चित्रावर थर चढतोच.

"पद्मपाणी म्हणजे अजिंठ्याची मोनालिसा" हे वाक्य मला असाच एक थर वाटतं. मुळात पद्मपाणी पाचव्या शतकाच्या अखेरचा, वाकाटक हरिषेणाच्या काळातला. मोनालिसा त्याच्यानंतर हजारेक वर्षांनी आली. पण खरा फरक वयाचा नाही, नजरेचा आहे. मोनालिसा थेट तुमच्याकडे बघते, म्हणून 'ही का हसतेय?' हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. पद्मपाणी तुमच्याकडे बघतच नाही. हातात निळं कमळ, मान कललेली, पापण्या खाली. भोवती जोडपी, माकडं, मोर, सगळा संसार गजबजलेला. आणि तो त्याच्या मधोमध, तरी अलिप्त. अवलोकितेश्वर म्हणजे खाली, दुःखी जीवांकडे बघणारा. त्या झुकलेल्या पापण्यांचा अर्थ करुणा आहे. त्याला 'गूढ हास्य' म्हटलं की आपण चित्र सोडून पॅरिसला पोचलो.

मागच्या खेपेला मी तिथे उभा होतो. अंधाराला डोळे सरावायला वेळ लागतो, तो मिळायच्या आत मागून आवाज आला, "चला, पुढे सरका." गर्दीच्या श्वासातली वाफ चित्रांना बाधते, त्यामुळे नियम हवेतच, माझी तक्रार नाही. पण शेजारचे दोघं पद्मपाणीकडे पाठ करून फोटो काढत होते, त्याचं वाईट वाटलं.

लिओनार्दोचं नाव आपल्याला पाठ आहे. पद्मपाणी रंगवणाऱ्याचं नाव कुणालाच ठाऊक नाही, त्याने ते लिहून ठेवलेलं नाही. त्याच्यासाठी आपल्या हातात एकच गोष्ट आहे. पुढच्या वेळी फर्दापूरला उतराल तेव्हा सगळी लेणी उरकू नका. पहिल्या लेण्यात जा, गाभाऱ्याच्या डावीकडे उभे राहा, आणि "पुढे सरका" ऐकू येईपर्यंत बघत राहा.