‘ट्रान्समिट’ केलं, पण कोणी?

माझ्या प्रकरणाचा मसुदा गाईडकडून परत आला तेव्हा एका वाक्याखाली लाल रेघ होती आणि बाजूला दोनच शब्द: ‘कोणी? कसा?’ वाक्य होतं, ‘द व्हायरस ट्रान्समिट्स इझिली.’ आधी वाटलं, सर उगाच खोड काढतायत. मग बसून विचार केला, आणि आता तुमच्या सिनॉप्सिसमध्येही हे क्रियापद दिसलं की मी थांबतो.

लॅटिनमध्ये ‘ट्रान्स’ म्हणजे पलीकडे आणि ‘मित्तेरे’ म्हणजे पाठवणं. पलीकडे पाठवणं, इतका साधा अर्थ. घोळ होतो तो कर्त्याच्या जागेवर. आकाशवाणी कार्यक्रम ट्रान्समिट करते, तिथे कर्ता पाठवणारा. काच प्रकाश ट्रान्समिट करते, तिथे कर्ता नुसतं माध्यम. काचेने काही पाठवलेलं नाही, फक्त जाऊ दिलंय. ॲनोफेलिसची मादी मलेरियाचा परजीवी ट्रान्समिट करते, तिथे कर्ता वाहक. आणि माझ्या वाक्यात? जो जातोय तोच कर्ता होऊन बसला होता! मराठीत ही सोय नाही. विजेला पारेषण, रेडिओला प्रसारण, रोगाला संक्रमण असे वेगवेगळे शब्द असल्यामुळे आपल्याला आधी ठरवावं लागतं. इंग्रजी लिहिताना ते ठरवणं आपण सोडून देतो.

‘स्प्रेड’ आणि ‘ट्रान्सफर’ हे त्याचे शेजारी. एकाकडून दुसऱ्याकडे एक उडी म्हणजे ट्रान्समिशन. अशा अनेक उड्यांनंतर गावभर जे दिसतं ते स्प्रेड. दोन्ही एकाच परिच्छेदात अदलाबदल करून वापरलेले पेपर मी वाचलेत, आणि लेखकाने नक्की काय मोजलं ते शेवटपर्यंत कळत नाही. ‘ट्रान्सफर’मध्ये देणाऱ्याकडचं कमी होतं. तव्याची उष्णता पोळीत गेली की तवा तेवढा निवतो, म्हणून ‘हीट ट्रान्सफर’. हा नियम पक्का मात्र नाही. जिवाणूंच्या कॉन्जुगेशनमध्ये दाता प्लास्मिडची एक प्रत स्वतःकडे ठेवतो, तरी त्याला जीन ट्रान्सफरच म्हणतात. अशा ठिकाणी वाद घालू नका, आपल्या शाखेतला रूढ शब्द घ्या.

आता मुद्द्याचं. 28 मार्च 2020 रोजी जागतिक आरोग्य संघटनेने ठासून सांगितलं की कोविड-19 हवेतून पसरणारा नाही, तो मुख्यतः तुषारांमधून ट्रान्समिट होतो. त्या काळी 5 मायक्रॉनपेक्षा मोठा कण म्हणजे तुषार आणि लहान कण म्हणजे एरोसोल, अशी रेघ ओढलेली होती. शब्दाची निवड चुकली आणि लोक सॅनिटायझर चोळत बसले, खिडक्या उघडायचं राहून गेलं. अख्खा दोष शब्दाचा नव्हता, पण त्याचा वाटा होता असं माझं मत आहे. एप्रिल 2024 मध्ये त्याच संघटनेने नवी परिभाषा सुचवणारा अहवाल काढला आणि कणांच्या आकाराची ती जुनी विभागणी सोडली. श्वासातून कण आत जाणं वेगळं, आणि कण थेट तोंड-नाक-डोळ्यांवर येऊन बसणं वेगळं, असे मार्ग स्पष्ट केले. उत्तम काम. पण शीर्षक पाहा: ‘पॅथोजेन्स दॅट ट्रान्समिट थ्रू द एअर’. तेच, माझं लाल रेघेवालं वाक्य!

मी त्यांना पूर्ण दोष देणार नाही. ‘रुग्णाने संसर्ग दिला’ असं लिहिलं की रुग्ण गुन्हेगार वाटायला लागतो. विषाणूलाच कर्ता केलं की ते टळतं. शीर्षकात हे चालेल. पद्धतीच्या प्रकरणात चालणार नाही, कारण तुम्ही खोलीतली हवा तपासली, दाराची मूठ पुसून नमुना घेतला की डास पकडले, हे त्या क्रियापदातून कळत नाही.

मी ते वाक्य असं बदललं: ‘बाधित व्यक्तीने सोडलेले कण बंद खोलीत दुसऱ्याच्या श्वासात जातात.’ लांबलं, आणि ‘इझिली’ गळून पडलं, कारण किती सहज ते मी मोजलंच नव्हतं. सरांनी या वेळी रेघ मारली नाही. पुढच्या वाक्याखाली मारलीय.