२१७ की २५३? हवाई छायाचित्रांच्या एका ठरलेल्या गणिताबद्दल

सर्व्हेइंगच्या पुस्तकांत हवाई छायाचित्रणाच्या प्रकरणात एक गणित हमखास असतं. २० किमी × १६ किमी क्षेत्र, स्केल १:१०,०००, फोटो २३ सेंमी × २३ सेंमी, पुढचा ओव्हरलॅप ६०%, बाजूचा ३०%. फोटो किती लागतील?

पहिली रीत क्षेत्रफळाची. एक फोटो जमिनीवर २.३ किमी × २.३ किमी व्यापतो. ओव्हरलॅप वजा केला की नवीन जमीन मिळते ०.९२ × १.६१, म्हणजे १.४८ चौ. किमी. ३२० ला त्याने भागा: २१७ फोटो. दुसरी रीत पट्ट्यांची. एका पट्ट्यात २० ÷ ०.९२ + १, म्हणजे २३ फोटो; पट्टे १६ ÷ १.६१ + १, म्हणजे ११. एकूण २५३.

३६ फोटोंचा फरक कुठून आला? कुंपणाचे खांब मोजून बघा: गाळ्यांपेक्षा खांब नेहमी एकने जास्त. शिवाय अर्धा फोटो काढता येत नाही, म्हणून प्रत्येक पट्टा वरच्या पूर्णांकापर्यंत न्यावा लागतो. पहिली रीत हे दोन्ही विसरते. खर्चाच्या ढोबळ अंदाजाला ती चालेल, उड्डाण आखायला नाही. पुस्तकं मात्र दोन्ही रीती शेजारी ठेवतात आणि कुठली कधी वापरायची यावर गप्प बसतात.

पण माझा मुख्य आक्षेप याहून मोठा आहे. दोन्ही रीतींत जमीन सपाट धरलीय. पंचगंगेच्या काठच्या उसाच्या पट्ट्यात हे खपून जाईल. पन्हाळा-जोतिबाच्या बाजूला काय?

कॅमेऱ्याचं नाभीय अंतर १५२ मिमी धरू. मग या स्केलला विमान जमिनीपासून १,५२० मीटरवर असेल. वाटेत ४०० मीटर उंच डोंगर आला, तर कॅमेऱ्यापासून माथा उरतो १,१२० मीटरवर. तिथे फोटोची व्याप्ती २.३ वरून १.६९ किमीवर येते. दोन फोटोंमधलं अंतर मात्र तेच, ०.९२ किमी. म्हणजे पुढचा ओव्हरलॅप ६० वरून साधारण ४६ टक्क्यांवर, आणि बाजूचा ३० वरून ५ वर!

पुढचा ओव्हरलॅप ५०% च्या खाली गेला की मधली काही जमीन त्या पट्ट्यात एकाच फोटोत दिसते. एका फोटोवरून स्टिरिओ उंची काढता येत नाही. कागदावर २५३ फोटो पुरेसे, आणि नेमका माथा नकाशातून गायब.

ड्रोन आल्यामुळे हा प्रश्न संपला, असं समजू नका. निर्णायक असतं ते चढाचं उड्डाणाच्या उंचीशी गुणोत्तर. १२० मीटरवरच्या ड्रोनला ३२ मीटरचा चढ तेवढाच महाग पडतो. ८०% ठरवलेला ओव्हरलॅप तिथे ७३% च उरतो. २४ एप्रिल २०२० ला सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची मोजणी ड्रोनने होते आणि त्यावरून घरांचे मालकी हक्क नोंदले जातात. डोंगरउतारावरच्या वाडीत ओव्हरलॅप कमी पडला, तर चूक कुणाच्या तरी अंगणाच्या हद्दीत दिसेल.

तेव्हा प्रबंधात नुसतं ‘ओव्हरलॅप ८०%’ लिहून थांबू नका. तो कुठल्या पातळीवर मोजलाय ते सांगा, आणि क्षेत्रातल्या सर्वांत उंच बिंदूवर किती उरतो तेही काढा. सूत्र सोपं आहे: एकातून ओव्हरलॅप वजा करा, आलेल्या संख्येला (१ − चढ ÷ उड्डाणाची उंची) ने भागा, आणि उत्तर पुन्हा एकातून वजा करा. व्हायवात हा प्रश्न कुणी विचारेल न विचारेल, डोंगर मात्र विचारणारच.