रद्द झालेल्या खेळाचे मोल

एखादी कलाकृती कर्त्याच्या हातून घडते, पण रसिकांपर्यंत पोहोचण्यापूर्वीच ती बाजूला टाकली जाते. अशा कृतीला कलेच्या इतिहासात काही स्थान आहे काय? हा प्रश्न अलीकडे व्हिडिओ गेमच्या निमित्ताने पुढे आला आहे. बाजारात कधीच न आलेले खेळ वर्षानुवर्षे शोधणारी माणसे जगात आहेत. घरातील वडीलधाऱ्यांना हा रिकामटेकडा उद्योग वाटेल. मलाही प्रथम तसेच वाटले होते.

मत बदलले ते ‘डेज ऑफ थंडर’ या खेळाच्या हकिकतीने. मोटारींच्या शर्यतीवरील चित्रपटावर आधारलेला हा खेळ अमेरिकेतील क्रिस ओबर्थ यांनी निन्टेन्डोच्या यंत्रासाठी रचला होता. तो प्रसिद्ध झालाच नाही; १९९० साली त्याच नावाचा, दुसऱ्यांनी केलेला खेळ विक्रीस आला. ओबर्थ २०१२ साली निवर्तले. त्यांच्यामागे राहिलेल्या जुन्या फ्लॉपींतून ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’ या संस्थेने त्या खेळाची मूळ आज्ञावली वेचून काढली आणि २०२० साली खेळ पुन्हा चालवून दाखविला. शोध वरकरणी खेळाचा होता. हाती आले ते एका दिवंगत माणसाचे श्रम.

आपल्या समाजाला ही गोष्ट परकी वाटू नये. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रायतूर येथे १६१६ साली छापले गेले. पुढे १६४९ व १६५४ साली पुन्हा निघाले. या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. तरीही सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ आपल्या हाती आहे, कारण भाविकांनी तो हाताने उतरून ठेवला. अशा हस्तलिखितांच्या आधारे जोसेफ सालढाणा यांनी १९०७ साली मंगळूरला त्याची आवृत्ती काढली. पुराण आणि खेळ यांची योग्यता अर्थातच एक नव्हे. परंतु जतनाचा नियम दोहोंना एकच लागू पडतो: छापखाना किंवा कंपनी यांच्यापेक्षा घरातले हात अधिक विश्वासू ठरतात.

मात्र या शोधकांची सरसकट वाहवा करणे मला मान्य नाही. निन्टेन्डोने ‘स्टार फॉक्स २’ हा जवळजवळ सिद्ध झालेला खेळ १९९० च्या दशकाच्या मध्यास रद्द केला, कारण नवे व अधिक समर्थ यंत्र येऊ घातले होते. पुढे त्याचे अपुरे खर्डे इंटरनेटवर फिरू लागले आणि लोक त्यांवरूनच खेळाची पारख करू लागले. पूर्ण स्वरूप २०१७ साली कंपनीने स्वतः प्रसिद्ध केले, तेव्हा कोठे कर्त्यांना न्याय मिळाला. कवीने फाडून टाकलेला कागद जोडून वाचताना जो संकोच वाटावा, तो येथेही वाटला पाहिजे. शोध जरूर घ्यावा. पण प्रसिद्धीपूर्वी कर्त्याची वा त्याच्या वारसांची संमती असावी, आणि खर्डा हा खर्डा म्हणूनच वाचावा.

लूककृत शुभवर्तमानातील स्त्री एका नाण्यासाठी दिवा लावून सारे घर झाडते. आपण घर झाडतो ते बहुधा जुने टाकून देण्यासाठी. नाताळसाठी कुणी लिहिलेल्या आणि कधीच न झालेल्या नाटुकल्याची वही, धर्मग्रामाच्या गायकवृंदाची जुनी कॅसेट, आजोबांनी रचलेली भजने, हे सारे रद्दीच्या तराजूत पडायला वेळ लागत नाही. चाकूर, लातूर परिसरातील आपणांस तर हे अधिक जाणवावे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत घरे कोसळली, तेव्हा त्यांतील वह्या नि पत्रेही दगडमातीखाली गेली. जे भूकंपाने नेले, त्याला आपला इलाज नव्हता. जे अजून ट्रंकेत पडून आहे, त्याची जबाबदारी आपलीच आहे.