‘समान’ की ‘एकरूप’? कलम ४४ चे एक वाचन

संविधान हाही एक ग्रंथ आहे. ग्रंथ म्हटला की त्याचे वाचन आले आणि वाचनात मतभेदही आले. आपल्या समाजात सर्वांत अधिक वाद झाला तो कलम ४४ वर. या वादातील दोन्ही बाजूंनी मूळ मजकूर कितपत नीट वाचला, एवढेच येथे तपासायचे आहे.

मी उर्दू शाळेत नागरिकशास्त्र शिकवते. उर्दूत या कायद्याला ‘यकसाँ सिव्हिल कोड’ म्हणतात. मराठी संविधानातही शब्द ‘एकरूप’ असा आहे. सभांमधून आणि वर्तमानपत्रांतून मात्र ‘समान नागरी कायदा’ हेच नाव रूढ झाले. वर्गातील एका मुलीने विचारले, “मिस, यकसाँ मतलब बराबर ना?” मी म्हटले, नाही. सर्वांचा गणवेश एकसारखा असला म्हणून सर्वांना सारखी संधी मिळतेच असे नाही. बरोबरीची, म्हणजे मसावातची हमी कलम १४ आणि १५ देतात. ते मूलभूत हक्क आहेत. कलम ४४ हे मार्गदर्शक तत्त्व आहे आणि कलम ३७ नुसार ते न्यायालयामार्फत अंमलात आणता येत नाही.

२३ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत यावर चर्चा झाली. व्यक्तिगत कायदा सोडण्याची सक्ती कोणत्याही समाजावर नको, अशी दुरुस्ती मद्रासचे मोहम्मद इस्माईल यांनी मांडली. डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. मात्र सुरुवातीला ही संहिता स्वखुशीने मान्य करणाऱ्यांनाच लागू करता येईल, असा मार्गही त्यांनी सुचवला. आज बाबासाहेबांचे नाव घेणारे बहुतेकजण त्यांच्या भाषणातील हा भाग सोडून देतात.

आपल्या बाजूचे वाचनही अपुरेच आहे. आपण कलम २५ पुढे करतो. पण धर्मस्वातंत्र्य हे इतर मूलभूत हक्कांच्या अधीन आहे, हे त्याच कलमाच्या आरंभी लिहिलेले आहे, ते वगळतो. १९५१ मध्ये नरसू अप्पा माळी खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. छागला आणि न्या. गजेंद्रगडकर यांनी व्यक्तिगत कायदा हा कलम १३ च्या अर्थाने ‘कायदा’ नाही, असा निर्णय दिला. व्यक्तिगत कायदा मूलभूत हक्कांच्या कसोटीवर घासून पाहण्याची वाट त्यामुळे अरुंद झाली. खटला हिंदू द्विभार्याप्रतिबंधाचा होता. त्याचा परिणाम मुस्लिम स्त्रीपर्यंतही पोहोचला.

१८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंनी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत नेला. १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले. दलवाईंनी नागरिकत्वाच्या आधारे समान कायदा मागितला. असगर अली इंजिनिअर यांनी कुरआनच्या नव्या अन्वयार्थातून स्त्रीचे हक्क मांडले. दोघांना आपण परस्परांविरुद्ध उभे केले. परंतु दोघांचाही प्रश्न बरोबरीचाच होता. दलवाईंची धडाडी मान्य करूनही मला वाटते, की एकरूपतेच्या घोषणेत त्यांचा समतेचा आग्रह पुढे झाकोळून गेला.

२०१७ मध्ये तीन तलाकच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयातील पाच न्यायमूर्तींमध्येही एकमत नव्हते. दोघांनी कलम १४ चा आधार घेऊन ही प्रथा रद्द ठरवली. एकाने ती कुरआनविरोधी म्हणून अवैध मानली. दोघांनी व्यक्तिगत कायद्याला कलम २५ चे संरक्षण आहे, असे म्हटले. एकाच संविधानाची ही तीन वाचने! २०२४ मध्ये उत्तराखंडने एकरूप संहितेचा कायदा केला. त्यातून अनुसूचित जमातींना वगळले. त्यामागे कारणे असतील. पण मग वेगळेपण म्हणजे देशद्रोह नव्हे, हेही मान्य करावे लागेल.

मी राहते त्या कर्वेनगराला अण्णासाहेब कर्व्यांचे नाव आहे. विधवाविवाहाचा कायदा १८५६ मध्ये झाला. कर्व्यांनी १८९३ मध्ये विधवेशी विवाह केला, तेव्हा सदतीस वर्षे उलटूनही त्यांच्या मुरुड गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. कायदा असून पुरले नाही. मुलींना शिकवावे लागले, तेही हिंगण्याच्या माळावर.

म्हणून व्यक्तिगत कायदा असो की नवी संहिता, दोहोंना एकच प्रश्न विचारला पाहिजे : यात आमच्या मुलीला बरोबरीचा हक्क आहे का? उत्तर ‘नाही’ असेल तर कायदा आपला आहे म्हणून तो राखू नये, आणि एकरूप आहे म्हणून तो स्वीकारूही नये.