पुढचा भाग कधी?

२०१४ साली मार्व्हलने 'मिस मार्व्हल' ही कॉमिक्स मालिका नव्याने सुरू केली. तिची नायिका कमला खान जर्सी सिटीत राहणारी, पाकिस्तानी आईवडिलांच्या पोटी जन्मलेली सोळा वर्षांची मुलगी आहे. अंगात शक्ती येण्याच्या आधीपासून ती एक उद्योग करत असते, तो म्हणजे अव्हेंजर्सवर फॅनफिक लिहिणं. आपल्या गोष्टीला किती अपव्होट पडले, हे तिला तोंडपाठ असतं. पुढे एका अंकात तिची गाठ खुद्द वुल्व्हरिनशी पडते आणि ती उत्साहाच्या भरात सांगून टाकते, की तुझ्यावर आणि स्टॉर्मवर लिहिलेली माझी गोष्ट गेल्या महिन्यात तिसरी आली. त्या गोष्टीत मी काय करतो, हे वुल्व्हरिन विचारत नाही. पहिली कुठली आली, हे विचारतो. ती सायक्लॉप्स आणि एमा फ्रॉस्टची प्रेमकथा होती, हे कळल्यावर त्याचा चेहरा पडतो.

लेखिका जी. विलो विल्सनने हा विनोद फार प्रेमाने केलाय. पण मला त्यातलं दुखणंही दिसतं. गोष्टीचं काय झालं, हा प्रश्न बाजूला राहतो आणि आकड्याचं काय झालं, हा पुढे येतो.

फॅनफिक म्हणजे दुसऱ्याची पात्रं घेऊन हौसेने लिहिलेली गोष्ट. बॅटमॅन आपल्या मालकीचा नाही, त्यामुळे ती विकता येत नाही. मानधन नाही, संपादक नाही, प्रकाशन समारंभ नाही, शाल-श्रीफळ तर नाहीच. लिहिणाऱ्याला मिळतो तो फक्त वाचकाचा अभिप्राय. म्हणून या गोष्टींवर लिहायचं तर त्यांच्याखाली येणाऱ्या चार ओळींवरही लिहायला हवं. मी गेली काही वर्षं या गोष्टी फोनवर, बहुतेकदा रात्री उशिरा वाचतोय आणि गोष्टीइतक्याच लक्षपूर्वक त्यांच्याखालचा मजकूरही वाचतोय.

पत्ता छापला, आणि

ही देवाणघेवाण इंटरनेटने सुरू केली असं वाटत असेल तर थोडं मागे जाऊ. डीसी कॉमिक्सचे संपादक ज्युलियस श्वार्ट्झ यांनी १९६०च्या सुमारास वाचकांच्या पत्रांबरोबर त्यांचे पूर्ण पत्तेही छापायला सुरुवात केली. साधीशी गोष्ट, पण तिने संपादकाला पत्र लिहिणारी मुलं एकमेकांना पत्रं लिहू लागली. १९६१ मध्ये जेरी बेल्स या प्राध्यापकाने रॉय थॉमस या तरुण शिक्षकाला सोबत घेऊन 'ऑल्टर इगो' नावाचं हौशी नियतकालिक काढलं. हाच थॉमस पुढे मार्व्हलमध्ये लेखक झाला आणि स्टॅन लीनंतर मुख्य संपादकही.

जर्सी सिटीला लागूनच बेयॉन नावाचं गाव आहे. तिथल्या एका मुलाचं 'फॅन्टॅस्टिक फोर'ची तोंड भरून स्तुती करणारं पत्र १९६३ साली विसाव्या अंकात छापून आलं. मग तो हौशी नियतकालिकांत स्वतःच्या सुपरहिरोंच्या गोष्टी लिहू लागला आणि 'पॉवरमॅन व्हर्सेस द ब्लू बॅरियर' या गोष्टीसाठी त्याला १९६५ चा अ‍ॅली पुरस्कार मिळाला, तोही सर्वोत्कृष्ट 'फॅन फिक्शन'साठी. त्या मुलाचं नाव जॉर्ज आर. आर. मार्टिन. तेव्हा फॅन फिक्शनचा अर्थ 'चाहत्यांनी लिहिलेल्या गोष्टी' इतकाच होता, पात्रं मात्र स्वतःची. आज मार्टिन आपल्या पात्रांवर इतरांनी लिहिलेलं फॅनफिक पसंत करत नाहीत, ही गंमत वेगळी.

मला यात महत्त्वाचा वाटतो तो क्रम. आधी मुलगा वाचतो, मग उत्तर देतो, मग लिहितो. अभिप्राय ही लेखनाच्या आधीची पायरी होती. 'छान' एवढं लिहून थांबला असता, तर संपादकाने ते पत्र छापलं असतं का?

बहात्तर मतं

अभिप्रायाचं सर्वांत ओबडधोबड रूप पाहायचं असेल तर १९८८ साल घ्या. 'बॅटमॅन'च्या ४२७व्या अंकात जोकरच्या स्फोटात दुसरा रॉबिन, म्हणजे जेसन टॉड, सापडतो. डीसीने दोन फोन नंबर छापले. एक त्याला जगवण्यासाठी, एक मारण्यासाठी. फोन करायला पन्नास सेंट. 'मरू दे' म्हणणारे ५,३४३ निघाले, 'जगू दे' म्हणणारे ५,२७१. बहात्तर मतांनी जेसन गेला.

दहा हजारांहून जास्त फोन झाले आणि एकालाही 'का' ते सांगायची सोय नव्हती. जेसन उर्मट म्हणून आवडत नाही की नीट लिहिलाच गेला नाही? त्याचा राग येतो की कीव? फोन नंबराला हे ऐकू येत नाही.

'का' सांगण्याचं काम पुढे फॅनफिकने केलं. जेसन वाचला असता तर, बॅटमॅन दोन मिनिटं आधी पोचला असता तर, अशा गोष्टींचा एक वेगळा प्रकारच आहे. त्याला 'फिक्स-इट' म्हणतात. डीसीने २००५ मध्ये जेसनला परत आणलं, रेड हूडच्या रूपात, रागाने पेटलेला. त्यानंतर तर तो चाहत्यांचा लाडकाच झाला. बापलेकांत न झालेलं एक संभाषण आहे, आणि ते शेकडो जणांनी आपापल्या परीने लिहून काढलंय.

म्हणजे फॅनफिक हाच मुळात एक लांबलचक अभिप्राय आहे. मूळ गोष्टीला दिलेलं उत्तर. आणि त्याखालची कॉमेंट म्हणजे उत्तराला उत्तर. इथे लिहिणारा आणि वाचणारा एकाच पायरीवर बसलेले असतात. दोघांनी तोच बॅटमॅन वाचलाय. म्हणून या वाचकाकडून मी जास्त अपेक्षा ठेवतो.

रिव्ह्यू की कॉमेंट

१९९८ मध्ये सुरू झालेल्या फॅनफिक्शन डॉट नेटवर गोष्टीखाली जे लिहायचं, त्याला 'रिव्ह्यू' म्हणत. नाव दिलं की भूमिका आपोआप येते. परीक्षण लिहायचं म्हटल्यावर बारा वर्षांचं पोरही कपाळाला आठ्या घालून बसतं. २००९ मध्ये खुल्या झालेल्या 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन'वर, म्हणजे एओथ्रीवर, 'कॉमेंट' आहे आणि शेजारी 'कुडोज'चं बटण. एका वाचकाला एका गोष्टीला एकदाच कुडोज देता येतात. नापसंतीचं बटणच नाही. वॉटपॅडवर तर प्रत्येक परिच्छेदाला वेगळी कॉमेंट टाकता येते. हिरोने शर्ट काढला की त्या ओळीपाशी पन्नास जण किंचाळतात, आणि पुढच्या चार परिच्छेदांत केलेली मेहनत एकटी पडते.

रिव्ह्यूच्या काळात हौशी लेखकांची यथेच्छ धुलाई व्हायची. त्याची प्रतिक्रिया म्हणून आता 'मागितल्याशिवाय टीका करू नका' हा संकेत रुजलाय. तो मला समजतो. समोरचा लेखक चौदा वर्षांचा असू शकतो, इंग्रजी त्याची तिसरी भाषा असू शकते आणि गोष्ट त्याने फुकट दिलीये. कुणी घरी बोलावून चहा दिला तर आपण साखरेवर व्याख्यान देत नाही.

पण या संकेताचा एक तोटा झाला. टीका नको म्हणता म्हणता बोलणंच आटलं. उरलं हृदयाचं चिन्ह, 'ओएमजी' आणि 'पुढचा भाग कधी?' लेखकाला कळतं की लोकांना आवडलं. काय आवडलं, ते कळत नाही. मग तो दिसेल त्या आकड्यामागे जातो. ज्या प्रकरणाला जास्त कुडोज, तसलंच पुढचं प्रकरण.

भांडण स्तुती आणि टीका यांच्यात आहे, असं मला वाटत नाही. ते ढोबळ आणि नेमकं यांच्यात आहे. 'भारी' जितकं ढोबळ, तितकंच 'बकवास'. दोन्हींतून गोष्ट वाचल्याचा पुरावा मिळत नाही.

'तो असा वागणारच नाही'

सुपरहिरोंच्या फॅनफिकवर सर्वांत जास्त होणारा आक्षेप म्हणजे पात्र स्वभावाला सोडून वागतंय. बॅटमॅन रडणारच नाही. सुपरमॅन खोटं बोलणारच नाही.

पण कुठला बॅटमॅन? १९३९ पासून त्याला किती हातांनी लिहिलंय. सुरुवातीच्या गोष्टींत तो बंदूक बाळगायचा, त्याच्या हातून माणसंही मरायची. 'मी मारत नाही' हा नियम नंतर आला. इतक्या वर्षांत तो विनोदी झाला, काळवंडला, म्हातारा झाला, बाप झाला. तेव्हा 'तो असा नाही' याचा अर्थ बऱ्याचदा 'मी वाचलेला तो असा नाही' एवढाच असतो.

तरी हा आक्षेप फेकून देण्यासारखा नाही. समजा, एका गोष्टीत बॅटमॅन तिसऱ्याच पानावर जेसनची माफी मागतो. एक वाचक लिहितो, 'हा बॅटमॅनच नाही.' दुसरा लिहितो, 'माफी वाचून मला बरं वाटलं, पण ती फार स्वस्तात मिळाली. आदल्या पानावर तो मुलाच्या खोलीचं दार उघडायलाही घाबरत होता. तिथून इथे कसा आला, ते मला बघायचं होतं.' आक्षेप एकच आहे. पहिल्याने हद्दीवर कुंपण घातलं. दुसऱ्याने लेखकाला त्याच्याच गोष्टीतलं दार दाखवलं, आणि ते न उघडलेलं आहे, हेही सांगितलं.

कुंपणाचा आणखी एक प्रकार म्हणजे 'मेरी स्यू'. १९७३ मध्ये पॉला स्मिथने 'स्टार ट्रेक'च्या हौशी गोष्टींची थट्टा करणारी एक छोटी कथा लिहिली. मेरी स्यू ही तिची नायिका, लहान वयात सगळं येणारी आणि सगळ्यांना आवडणारी. थट्टा फक्कड होती. पण पुढे ते नाव शिक्क्यासारखं वापरलं गेलं, आणि तो शिक्का मुलींनी लिहिलेल्या मुलींवरच जास्त बसला. अव्हेंजर्समध्ये स्वतः रचलेली एखादी मुलगी आली, तिला दोन भाषा आणि कराटे येत असलं, की 'मेरी स्यू!' आता ब्रूस वेनकडे बघा. अब्जाधीश, देखणा, तल्लख, प्रत्येक मारामारीत निपुण, वर बालपणीचं काळीज चिरणारं दुःख. त्याला मात्र आपण दंतकथा म्हणतो. ज्या प्रकारच्या साहित्याचा पायाच स्वप्नरंजन आहे, तिथे एखाद्या पंधरा वर्षांच्या मुलीच्या स्वप्नाला हसणं म्हणजे अभिप्राय देणं नाही. ते हुसकावणं आहे.

चांगला अभिप्राय काय करतो

२०१४ च्या 'कॅप्टन अमेरिका: द विंटर सोल्जर' या सिनेमात बकी बार्न्स हा स्टीव्हचा जिवलग मित्र शत्रूच्या हातातलं शस्त्र होऊन परततो. त्याची स्मृती पुन्हा पुन्हा पुसलेली असते. शेवटी तो संग्रहालयात स्वतःच्याच चित्रासमोर उभा राहतो. सिनेमा तिथे थांबतो, फॅनफिक तिथून सुरू होतं. हा माणूस रात्री झोपतो कसा? पलंग मऊ लागतो म्हणून जमिनीवर झोपतो का? दुकानात चार प्रकारचे ब्रेड बघून गोंधळतो का? मारामारी जवळपास नसलेल्या अशा सुपरहिरोकथा ढिगाने लिहिल्या गेल्या.

त्यांच्याखाली मला या प्रकारातले सर्वांत चांगले अभिप्राय सापडले. कुणी सांगतं, की आघातानंतर माणूस असा सरळ रेषेत बरा होत नाही, तुमच्या सातव्या प्रकरणात तो पुन्हा कोसळतो ते खरं वाटलं. कुणी लिहितं, की दवाखान्यातून घरी आल्यावर मलाही निवड करायला सांगितलं की रडू यायचं. इथे वाचक लेखकाला गुण देत नाही. गोष्ट कुठल्या वाक्यापाशी आपल्या अंगाला लागली, ते सांगतो. समीक्षेकडून मला याहून फार जास्त नको असतं.

मराठीत फोनवर वाचणारा आणि लिहिणारा मोठा वर्ग आता आहे. प्रतिलिपीवर मराठीत भागांमागून भाग येतात. तिथे सुपरहिरो कमी, संसार, भुतं आणि प्रेम जास्त. पण खालचा मजकूर ओळखीचा आहे. 'अप्रतिम', 'खूप छान लेखन', 'पुढील भागाच्या प्रतीक्षेत'. दुसऱ्या टोकाला आपली छापील समीक्षा, जिच्यातलं 'जाणिवांचं विश्व' वाचून नवा लेखक घाबरून पळतो. या दोन टोकांच्या मधली भाषा आपल्याला फारशी कुणी शिकवली नाही. शाळेत 'कवितेचा भावार्थ लिहा' होतं, 'कुठल्या ओळीशी थांबलास ते सांग' नव्हतं. ती मधली भाषा मला या परक्या, हौशी, अनेकदा अशुद्ध इंग्रजीतल्या कॉमेंटींत दिसते. ती उचलून आणायला कुणाची परवानगी लागत नाही.

मी स्वतः एक साधा नियम पाळतो. एक वाक्य गोष्टीतलं नेमकं काहीतरी सांगणारं, एक वाक्य ते वाचून माझं काय झालं ते सांगणारं. तिसरं सुचलं तर प्रश्न, पण तो पात्राबद्दल, तारखेबद्दल नाही.

एओथ्रीवर अर्धवट सुटलेल्या गोष्टी असंख्य आहेत. लेखकाची परीक्षा आली, नोकरी लागली, मन उडालं. पुढचा भाग कधीच येणार नसतो. तरी त्यांच्याखाली पाच-सहा वर्षांनी एखादी कॉमेंट येते. तुम्ही परत येणार नाही हे माहीत आहे, पण जेसन स्वयंपाकघरात दोन कप काढून ठेवतो तो प्रसंग मी आज पुन्हा वाचला, अशा अर्थाची. ती ईमेलने लेखकाकडे जाते. आता तो कुठल्या तरी ऑफिसात बसलेला असेल. फोन वाजेल, आणि आपण लिहिलेले ते दोन कप त्याला आठवतील.